अण्णांची जवारी

हॅलो?…

हो, गंधाली, मीच. बोल… उशीर लागला ना उचलायला? सतार मांडीवर होती. अण्णांचं माहीत आहे ना तुला, "फोन काय, दारात यम आला तरी आधी तारांवर तळवा ठेव. त्या शांत झाल्या की मग ऊठ." तेच केलं. हात आपोआपच गेला.

हो… खरं आहे. यम आला तेव्हा त्यांचं त्यांनाच जमलं नाही. चादरीवर बोटं चालूच होती.

असू दे. तुझा आवाज असा लांबून का येतोय? कुठे आहेस?… मिहिरकडे? गोरेगावला कधी पोचलीस?… सकाळीच. बरं केलंस. आपण दोन नणंदा असताना रश्मीनं एकटीनं किती करायचं. संध्याकाळी तिकडून दोन गाड्या भरून माणसं येतील मुलुंडला, सगळ्यांचं खाणंपिणं आहेच.

पोळ्या करतेयस? बरं. मग सावकाश बोल, मला घाई नाही.

हो, अण्णांची शोकसभा ठरल्याप्रमाणेच. शाळेचा हॉल मिळालाय. शर्मिष्ठाचा फोन येऊन गेला मघाशी. अण्णांची एवढी जुनी शिष्या, पण लग्नघरासारखी गडबड चाललीय तिची. फोटो मोठा करून आणलाय. हार शेवंतीचा आणू की मोगऱ्याचा, विचारत होती. मी म्हटलं, तुला आवडेल तो आण… अगं तुटक नाही बोलले. खरंच मला त्यात काही वाटत नाही. शेवंती काय, मोगरा काय.

जेवणार आहे ना. एकभुक्त आहे मी, सकाळचं काही नसतंच… चहा केला होता. प्यायले का ते… कप घासलेला दिसतोय, म्हणजे प्यायले असेन.

नाही गं. रडले नाही अजून. सगळे तेच विचारतात. शेजारच्या जानकीकाकू परवा समोर बसून राहिल्या, मी रडले की मला धरायचं म्हणून. शेवटी त्याच रडल्या. मग मी त्यांना पाणी दिलं… हसू नकोस, खरं सांगतेय. येईल तेव्हा येईल. अंगावर गोधडी घेतल्यासारखं वाटतं सारखं. बाहेरचं ऐकू येतं, पण आतपर्यंत येत नाही. पूजा होते, जप होतो, पोथी वाचून होते. कुठपर्यंत वाचली ते खुणेच्या पिसावरून कळतं.

हो, सतार आली. काल संध्याकाळी रश्मीच घेऊन आली वर. मिहिर खाली गाडीतच थांबला होता, पार्किंग नाही म्हणे… दिवेलागण झाली होती, म्हणून काल उघडली नाही. आज देवपूजा झाल्यावर खोळ काढली.

तारा नव्या आहेत. लाकूडही छान पुसलंय. भोपळ्यावरचा तो पिवळा डाग होता ना, तोसुद्धा काढलाय… हो, चकचकीत. आत तोंड दिसतं आपलं.

वाजते कशी, मिहिर विचारतोय?…

वाजते, गंधाली.

अगं, म्हणजे… तू कधी सतारीला बसली नाहीस, पण ऐकत तर मोठी झालीस. ती घोडी असते बघ, तारा जिच्यावरून जातात ती. तिच्या वरच्या पट्टीला किंचित उतार असतो, नखाएवढासुद्धा नाही. तार त्या उताराला टेकत टेकत थरथरते, त्यातून सतारीचा आवाज होतो. जवारी म्हणतात ती. उतार जरा बदलला की सतार बदलली. तेच लाकूड, त्याच तारा, पण माणूस दुसरा.

हो, तोच जवारीचा दिवस. अण्णा बाल्कनीत बसून तो उतार घासायचे. दत्तजयंती झाली की पुढच्या रविवारी. आजोबांनी त्यांना शिकवलेलं, आजोबांना त्यांच्या वडिलांनी. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. कुकरची शिट्टी चालायची नाही त्या दिवशी. आई बिचारी दहीभातावर भागवायची, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात राखणीला, कुणी भांडं आपटेल म्हणून. किती वेळा म्हटलं मी त्यांना, अण्णा, दादरला एवढे चांगले कारागीर आहेत. तर म्हणायचे, दुसऱ्याच्या हातची जवारी म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवायला बसणं.

हो… हो, तेच सांगतेय. दुकानात जवारी घासलीय.

नाही, मिहिरनं मला विचारलं नव्हतं. तेराव्यानंतर आला तेव्हा मी जपाला बसले होते. जपात मी बोलत नाही, तुला माहीत आहे. सतार उचलून नेताना दिसला दारातून. मला वाटलं, तारा बदलायला नेत असेल. सभेसाठी अण्णांची सतार नव्यासारखी करून आणायची, असं त्याच्या मनात होतं, ते रश्मीनं नंतर सांगितलं. प्रेमानंच नेली गं. एवढ्या वर्षांत या घरातल्या कशाला त्यानं हात लावला नव्हता. त्या स्टुडिओतल्या कामावरून अण्णांशी बोलणं तुटलं, ते तुटलंच. मालिकांना कीबोर्डवर संगीत करतो म्हणून कुणी पोराशी अबोला धरतं का? पण अण्णांनीही धरला, यानंही धरला. आता बाप गेल्यावर सतार उचलून नेली, तर मी काय म्हणणार?

राग? नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी बाजाच्या, म्हणजे पहिल्या तारेवर नखी टेकवली, षड्ज लावला. स्वच्छ आवाज आला. मोठा. हॉलच्या शेवटच्या रांगेत सुद्धा खणखणीत ऐकू जाईल असा. अण्णांचा षड्ज कसा, बोलून झाल्यावरही घसा खाकरून थोडा मागे रेंगाळायचा. तो नव्हता. मी पुन्हा लावला. नव्हता. मग तशीच बसून राहिले, तेवढ्यात तुझा फोन आला.

काय?… मिहिरला काय सांगू?

"अगदी अण्णांसारखी वाजते" असं सांगू?

गंधाली, मला नाही जमायचं ते… अगं ऐक ना. आषाढीला नेम घेतलाय मी. चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, कार्तिकी एकादशीपर्यंत… हो, यंदा हाच. वांगं सोडायला काय लागतं? कांदालसूण तर मी तशीही खात नाही, ते सोडलं म्हणायला लाज वाटायला लागली होती.

हसलीस ना? अण्णाही हसले होते. म्हणाले, मुंबईत राहून हा नेम घेतलास, आता सोसायटीच्या मीटिंगला जाऊ नकोस.

हो, मोडला तर प्रायश्चित्त असतं. पण प्रायश्चित्त आहे म्हणून मोडायचा का?… कळतंय मला, त्याच्यासाठी म्हणतेयस. झोपला नाही, जेवला नाही, सतार दुकानातून आणल्यापासून नुसता घरात फेऱ्या मारतोय. आपला एकुलता एक भाऊ आहे, मला का कळत नाही? "छान वाजते" म्हणेन मी. ते खोटं नाही. कुणीही ऐकलं तर छानच म्हणेल. पण तो तेवढ्यावर थांबणार नाही. तो विचारेल, अण्णांसारखी वाजते का? त्याला मी काय उत्तर देऊ?

तू म्हणतेस पुन्हा घासून घे. कोण घासणार? ते मोजमाप कुठे लिहिलेलं नसतं गं. मला शिकवणार होते, यंदाच्या दत्तजयंतीला. पहिल्यांदाच म्हणाले होते तसं.

सांगू तुला? अण्णांना घरातून नेलं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस गेला तरी आवाज इथे आहे. कोपऱ्यात उभा आहे, खोळीत. म्हणूनच रडू आलं नसेल. आज तोही गेला. दुसऱ्यांदा गेले ते, गंधाली. आणि मला दुसऱ्यांदाही काही वाटलं नाही.

…हॅलो?

गंधाली?… आवाज येतोय का माझा?

काय पडलं ते?… दार? कुणी आपटलं दार?

काय म्हणालीस?… स्पीकरवर होता?… पहिल्यापासून?

पिठाचे हात म्हणून ओट्यावर ठेवला होतास. बरं. आणि मिहिर?… दारात उभा होता. कधीपासून?… बरं.

नाही, तुला नाही रागवत. तू कशाला रडतेस? तू पोळ्या करत होतीस. पिठाचे हात डोळ्यांना लावू नकोस… गॅस बंद कर आधी. केलास?… आता हातात घे फोन, आणि मला सांग. जाताना काय म्हणाला?

संध्याकाळी येणार नाही म्हणाला… अजून?… "माझ्या हातून शेवटी हेच व्हायचं होतं."

असं म्हणाला.

फोन घरीच ठेवून गेलाय?… रश्मी गेली ना मागे? जाऊ दे तिला. तू थांब तिथेच. गॅलरीतून दिसतो का बघ.

…दिसतोय? कुठे?… पंपरूमच्या कट्ट्यावर. बसलाय नुसता? रश्मी जवळ आहे?… लांब उभी आहे. शहाणी आहे ती. राहू दे तसंच.

हं. आहे मी फोनवर… विचार करतेय.

काय? पुन्हा सांग. सावकाश.

त्याला माहीत होतं?

केव्हा?… दुकानातच?

थांब, मला नीट कळू दे. तो तिथे बसून होता. कारागीर घासत होता. मिहिर म्हणाला, बस, आता हात लावू नका. आणि तो म्हणाला, साहेब, अजून खुलेल, मला कळतं ते… आणि आणखी दोनदा कानस फिरवली. आणि मिहिरनं ऐकलं, आणि तिथल्या तिथे त्याला कळलं की गेलं… हे त्यानं रश्मीला सांगितलं? रात्री?… आणि तिनं तुला.

म्हणून वर आला नाही काल. पार्किंग नव्हतं असं नाही.

मग तुझ्याकरवी मला का विचारलं त्यानं?… हो. कळलं. मी खोटं बोलावं म्हणून. मी "तशीच वाजते" म्हटलं असतं, तर आपलाच कान चुकला असं धरून चालला असता तो जन्मभर.

गंधाली, ऐक. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. कुणालाच नाही.

हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या दिवशी. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. अण्णांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मला वाटलं पाणी हवंय. तर म्हणाले, "मधू, मिहिरला सतारीवर बसव. माझ्याकडून राहिलं."

मी "बसवते" म्हटलं.

त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं. तेव्हाही काही वाटलं नाही, हात गार लागला एवढंच. नर्स आली, मास्क पुन्हा लावून गेली… नाही, त्याला नाही सांगितलं. कसं सांगणार? "अण्णा म्हणाले होते" असं सांगितलं असतं तर एक दिवस आला असता, मान खाली घालून बसला असता, नखी ठेवून निघून गेला असता. रोज जपाला बसले की हेच डोक्यात. देवासमोर म्हणायची, वचन तर देऊन बसले, आता वाट दाखव.

त्या सतारीवर बसायचं म्हणजे अण्णांच्या आवाजावर बसायचं ना. मीसुद्धा भीतभीतच बसायचे. त्याची काय कथा.

अगं, तुला एक आठवतं? जवारीच्या दिवशी मी असायची स्वयंपाकघराच्या दारात. तू तर अगदी लहान होतीस, तुला शेजारी ठेवायचे. बाल्कनीत अण्णांसमोर कोण बसायचं?… मिहिर. चड्डीतला. मांडी घालून, गालाला हात लावून. अण्णा तार छेडायचे आणि त्याला विचारायचे, "कसा?" आणि हा डोळे मिटून सांगायचा, "अजून नाही." पुन्हा घासायचे, पुन्हा विचारायचे. त्यानं "हं, आला" म्हटलं की कानस खाली. मग आईनं कुकर लावायचा. एवढ्या मोठ्या माणसानं त्या पोराचं ऐकायचं, मला राग यायचा तेव्हा. मला कधीच विचारलं नाही त्यांनी.

हो… हो, तेच म्हणतेय मी. हातांचं काम शिकता येतं. कानस कुणीही फिरवेल, मीही फिरवेन, दहा वेळा चुकेन. पण थांबायचं कुठे, ते त्याला कळतं. दुकानात कळलंच ना त्याला? ज्याला गेलेलं ऐकू आलं त्याला आलेलंही ऐकू येईल.

तसाच होईल असं नाही म्हणत मी. नेम आहे माझा, खोटं कशाला बोलू? वर्ष लागेल, जास्तही लागेल. कदाचित अण्णांचा नाहीच यायचा, तिसराच कुणाचा तरी येईल. येऊ दे. पण त्यासाठी त्याला रोज यावं लागेल. ऐकावं लागेल. आणि नुसती तार छेडून नाही कळत, वाजवून बघावं लागतं.

संध्याकाळचं? शर्मिष्ठाला सांग, अण्णांची सतार आज सभेत नसेल. तिची तिनं वाजवावी, तिला चांगलं येतं. फोटोसमोर रिकामा पाट ठेवायला सांग… मी? मी सभेला येईन. उशीर झाला तर झाला.

नाही, त्याला वर बोलावू नकोस. फोनही नेऊन देऊ नकोस. मी येते तिकडे.

आत्ताच… रिक्षानं. पवईवरून. रविवार आहे, रस्ता मोकळा असेल… हो, सतार घेऊन. तारा सैल करते आणि निघते. अण्णांची कानशींची पुडी कपाटात आहे, ती घेते.

नैवेद्य दाखवला की निघाले. आज दूधसाखरेचाच… अगं, जेवेन की तिथे. तुझ्या पोळ्या आहेत ना? थोड्या जाडच करतेस तू, पण खाईन… हे खोटं नाही, म्हणून बोलले.

काय बोलणार त्याच्याशी? समजूत वगैरे नाही काढणार. तिथेच कट्ट्यावर शेजारी बसेन, सतार मांडीवर घेईन. एक तार लावेन. आणि विचारेन…

नाही. अण्णा काय म्हणाले ते इतक्यात नाही सांगणार. बसू दे आधी. रुळू दे. मग कधीतरी.

पंपाचा आवाज येत असेल ना तिथे? बंद करायला सांग वॉचमनला, थोडा वेळ… काहीही सांग. पाणी गेलं तर जाऊ दे रविवारचं… रश्मीला म्हणावं, चहाही नको विचारूस त्याला. नुसतं थांब.

हो. ठेवू का? हात लागतील आता दोन्ही…

बरं, राहू दे चालू, स्पीकरवर ठेवते मीही. काही बोलू नकोस मात्र, नैवेद्य दाखवतेय.

…

झालं. दिवा शांत होईल आपोआप. निघाले… दार ओढलं. हो, किल्ली घेतली. जानकीकाकूंच्या दारात आहे मी, त्यांना सांगते जाताना… नाहीत वाटतं घरी.

नाही, रडत नाहीये. आवाज असाच आहे माझा… खरंच नाही. रडले तर सांगेन, लपवता थोडीच येणार आहे मला कार्तिकीपर्यंत.

लिफ्ट आली. आत रेंज जाते… जड नाही गं. एका हातानं दांडी, एका हातानं भोपळा. तो अजून तिथेच आहे ना, बघ गॅलरीतून… आहे ना? बरं. मी…

गंधाली?… हॅलो?

गेला.

दादा, जरा दार धरता का? भिंतीला लागायला नको. हो, सतारच… हो, अण्णांची. भावाकडे चाललेय.